कट्ट्यावर कांदा निघाला आणि मित्र उठून गेला

नाशिकच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांच्या पत्राचा गोषवारा असा: संध्याकाळी बागेत आठ-दहा जणांचा कट्टा जमतो. त्यात एक निवृत्त मुख्याध्यापिका आहेत, औषधांचे दुकानदार आहेत, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर आहेत. निफाडकडे शेती असलेले आणि शहरात मुलाकडे राहणारे एक कांदा उत्पादक मित्रही आहेत. गप्पांत रंग भरायचं काम पत्रलेखकांचं. दोन महिन्यांपूर्वी कांद्याचे भाव पडल्याचा विषय निघाला, तेव्हा ते म्हणाले, "कांदा स्वस्त झाला की हे रडतात, महाग झाला की आपण रडतो. फरक एवढाच, की आपल्या रडण्याला सरकार अनुदान देत नाही." सगळे हसले. शेतकरी मित्र उठून गेले आणि पुन्हा आलेच नाहीत. पुढच्याच आठवड्यात 'लाडकी बहीण'वरून मुख्याध्यापिका आणि दुकानदार यांच्यात जुंपली; 'अंधभक्त', 'चमचे' इथपर्यंत मजल गेली. तेव्हापासून कट्ट्यावर राजकारणाला बंदी आहे. आता गप्पा गुडघेदुखी आणि रक्तातली साखर यांपलीकडे जात नाहीत, माणसंही गळायला लागली आहेत. सून म्हणते, "बाबा, तुम्हाला बाजू घ्यायची भीती वाटते." त्यांचे प्रश्न तीन: बंदी घातली ते बरं केलं का? कुणाची बाजू न घेता राजकारणावर हसतखेळत बोलता येतं का? आणि मित्राला परत कसं आणायचं?

नमस्कार,

मित्राचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारला आहे, पण मी सुरुवात तिथूनच करते. बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरं त्याच्यातच आहेत.

"राजकारणामुळे मित्र दुरावला," असं तुम्ही लिहिलं आहे. मला ते पटत नाही. त्या संध्याकाळी तुमच्या कट्ट्यावर राजकारण झालंच नव्हतं. सरकारनं काय ठरवलं, का ठरवलं, त्यानं कुणाचं काय झालं, यातलं काहीच कुणी बोललं नाही. बोलणं झालं ते 'हे' आणि 'आपण' यांच्याबद्दल. आठ-दहा जणांत 'हे' म्हणजे एकटे तुमचे मित्र होते. बाकीचे सगळे 'आपण' होते आणि सगळे हसले. त्यांना लागलं ते तिथे. त्यामुळे राजकारणावर बंदी घालून तुम्ही रोग एकीकडे आणि औषध दुसरीकडे असं करून बसला आहात.

जरा कांद्याकडेच पाहू. तुम्ही नाशिककर आहात, लासलगाव किंवा पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत कधी ना कधी गेला असाल. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेत उभ्या असतात. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीपाशी येतो, कुणीतरी दोन कांदे उचलतं, दाबून बघतं, वरची पत्ती म्हणजे साल बघतं, पुकारा होतो आणि बघता बघता भाव ठरतो. घोळका पुढच्या ट्रॉलीकडे सरकतो. उन्हाळ कांदा लावल्यापासून काढेपर्यंतचे चार-पाच महिने आणि नंतर चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, सांभाळलेले महिने, सगळ्याचा निकाल मिनिटभरात लागतो. पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची पावती, हातात पडते.

हा उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो. तेव्हा सगळ्यांचाच माल येतो, म्हणून भाव पडलेला असतो. ज्याला परवडतं तो कांदा चाळीत भरतो आणि थांबतो. चाळीत कांद्याचं वजन घटतं, काही सडतो, पावसाळ्यात कोंब येतात. तरी तो थांबतो, कारण साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून ते खरिपाचा लाल कांदा येईपर्यंत बाजारात माल कमी पडतो आणि भाव चढतो. वर्षभराच्या हिशोबात शेतकऱ्याला उसंत मिळते ती याच थोड्या आठवड्यांत. सरकार मध्ये पडतं तेही नेमकं याच सुमारास. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद केली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलर भाव आणि ४० टक्के शुल्क या अटी ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं. कांदा तोच, चाळ तीच, आणि नियम दीड-पावणेदोन वर्षांत इतक्या वेळा बदलला.

तुमच्या विनोदातलं अनुदान आलं होतं ते २०२३ मध्येच. फेब्रुवारी-मार्चमध्ये भाव कोसळले, तेव्हा राज्य सरकारनं क्विंटलला ३५० रुपये आणि जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अशी मदत जाहीर केली. ती उपकार म्हणून आली नव्हती, तोटा थोडा भरून निघावा म्हणून आली होती. आणि तुम्ही म्हणता, आपल्या रडण्याला अनुदान नाही. बँकेत हयात घालवलेल्या माणसाला हे सांगायला नको, तरी सांगते: तुमच्या पेन्शनमधला महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला बांधलेला आहे. अन्नधान्य आणि भाजीपाला महागला की निर्देशांक चढतो आणि ठरावीक काळानं भत्ताही चढतो. तुमच्या रडण्याची सोय नियमातच कायमची लावलेली आहे, तुम्हाला अर्जही करावा लागत नाही. भाव पडल्यावर आपोआप काही वाढेल, अशी सोय मित्रांच्या कांद्याला नाही.

हे तुम्हाला खजील करण्यासाठी लिहीत नाही. तुमची विनोदबुद्धी कट्ट्याच्या कामाची आहे आणि ती मोडीत काढावी असं मला मुळीच वाटत नाही. त्या दिवशी ती चुकीच्या दिशेला वळली, एवढंच. समजा, तुम्ही म्हणाला असतात, "अरे, तुझा कांदा महागला आणि माझा महागाई भत्ता वाढला; तुझ्या चाळीला नारळ मीच फोडायला हवा." मित्र हसले असते, बहुधा सगळ्यांत मोठ्यानं. शिवाय त्या एका वाक्यात कट्ट्याला अर्थशास्त्र कळलं असतं, कारण पेन्शनर आणि कांदेवाला एकमेकांना कसे जोडलेले आहेत हे त्यात आहे. असा विनोद करायला विषय माहीत असावा लागतो. टोमणा मारायला काहीच माहीत असावं लागत नाही.

आपल्याकडे ही रीत जुनी आहे. तमाशातल्या बतावणीत सोंगाड्या पाटलाची, सावकाराची, शिपायाची, पुढे मंत्र्यासंत्र्यांची खिल्ली उडवत आला. त्याचा बाण खालून वर जातो. समोर मातीत बसलेल्या प्रेक्षकाची तो टर उडवत नाही, त्याला आपल्या बाजूला घेतो. आणि स्वतःला मूर्ख ठरवून घेतो ते आधी. भाव पडलेल्या आठवड्यात कांदेवाल्यावर, बदली झालेल्या महिन्यात शिक्षकावर, संप फसल्यावर एसटीवाल्यावर विनोद करायचा नाही, हे तारतम्य त्यातूनच येतं. कट्ट्यावर ते तुम्हालाही ठेवता येईल.

आता सूनबाईंचं म्हणणं. त्या म्हणतात, तुम्ही बाजू घ्यायला घाबरता. त्यांचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. "सगळे पक्ष सारखेच, सगळे चोर," असं म्हणून हात झटकणं म्हणजे निःपक्षपातीपणा नव्हे. तो विचार करायचा कंटाळा आहे, आणि त्याचा फायदा प्रत्येक वेळी सत्तेत जो असेल त्यालाच होतो. निःपक्षपाती माणसालाही ठाम मत असतं. पण ते मत निर्णयाबद्दल असतं, निर्णय घेणाऱ्याचं चिन्ह बघून ठरलेलं नसतं.

स्वतःला तपासायचा एक सोपा उपाय आहे आणि मी तो सगळ्याच वाचकांना सुचवते. एखाद्या निर्णयावर मत बनवलंत की मनातल्या मनात पक्ष बदलून बघा. हाच निर्णय दुसऱ्यांच्या सरकारनं घेतला असता, तर मी हेच म्हटलं असतं का? कांदा या परीक्षेला फार चांगला आहे. डिसेंबर २०१० मध्ये भाव कडाडले तेव्हा काँग्रेसप्रणित सरकारनं निर्यात रोखली. सप्टेंबर २०१९ मध्ये, सप्टेंबर २०२० मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये भाजपप्रणित सरकारनं रोखली. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी प्रचारात महाग कांदा आणला, तर १९९८ मध्ये दिल्लीत भाजपचं राज्य गेलं तेव्हा कांद्याचे भाव हे एक मोठं कारण होतं. कुठल्याही पक्षाला दिल्लीत बसवा, भाव चढला की त्याचा हात निर्यातीकडे जातो. कारण कांदा खाणारा मतदार देशभर पसरलेला आहे आणि पिकवणारा थोड्या जिल्ह्यांत एकवटलेला आहे. २०१२ हे पायाभूत वर्ष धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात कांद्याचा भार ०.६४ टक्के होता. एवढासा भार, पण तो स्वयंपाकघरात रोज दिसतो म्हणून प्रत्येक सरकार त्याला घाबरतं. हे एकदा कट्ट्यावर मांडलंत की 'तुमचा पक्ष, आमचा पक्ष' याला जागाच उरत नाही. मग खरे प्रश्न येतात. खाणाऱ्याला दिलासा द्यायचा तर त्याची किंमत एकट्या पिकवणाऱ्यानं का मोजायची? सरकारनं साठा करावा का, केला तर खरेदी कोणत्या भावानं? चाळी सुधारल्या, साठवण चांगली झाली तर भावाचे हे झोके कमी होतील का? यावर तुमच्या मुख्याध्यापिका आणि दुकानदार एका बाजूला आणि कंडक्टरसाहेब दुसऱ्या बाजूला, अशीही विभागणी होऊ शकते.

'लाडकी बहीण'चंही तेच. मुख्याध्यापिका आणि दुकानदार भांडले, पण त्या दोघांपैकी कुणी हिशोब मांडला होता का? मांडा. महिन्याला १५०० म्हणजे वर्षाला १८,००० रुपये. २०२४ मध्ये योजना जाहीर झाली तेव्हा वर्षाचा खर्च ४६,००० कोटी सांगितला गेला. भागाकार केला तर अडीच कोटींहून थोड्या जास्त बायका होतात. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तरतूद ३६,००० कोटींची झाली. म्हणजे एक तर बायका कमी धरल्या किंवा हप्ते. इथून बोलणं सुरू करा. ज्यांना योजना आवडते त्यांनी सांगावं, की हा पैसा कुठून येणार आणि दुसरं काय मागे पडणार. ज्यांना आवडत नाही त्यांनी सांगावं, की वर्षभरात स्वतःच्या नावावर एक रुपया न येणाऱ्या बाईच्या खात्यात १५०० आल्यानं घरात तिचं काय बदलतं. दोन्ही प्रश्न खरे आहेत. आणि पक्षाचं म्हणाल, तर बंगालमध्ये तृणमूलनं, मध्य प्रदेशात भाजपनं, कर्नाटकात काँग्रेसनं, तमिळनाडूत द्रमुकनं अशीच योजना आणली आहे. महाराष्ट्रात तर २०२४ च्या विधानसभेला विरोधकांनी १५०० च्या जागी ३००० देऊ म्हटलं होतं. इतके सगळे एका रांगेत असताना 'भक्त' कोण आणि 'चमचा' कोण?

जाता जाता तुमच्या स्वतःच्या पगारपत्रकाची आठवण करून देते. त्यात व्यवसाय कर कापला जायचा. अलीकडच्या दरानं महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाला २५००. हा कर महाराष्ट्रात १९७५ मध्ये आला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. १९७२ च्या दुष्काळानंतर, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून वाढलेल्या त्या योजनेचा कायदा १९७७ मध्ये झाला. शहरातल्या पगारदारानं थोडं द्यायचं आणि त्यातून खेड्यात मागेल त्याला काम मिळायचं, असा तो करार होता. विरोधी बाकांवरचे लोकही या योजनेच्या बाजूनं उभे राहिले आणि अंमलबजावणी नीट व्हावी म्हणून सरकारशी भांडलेही. बाजू घेऊन, कडक भाषेत आणि तरीही एकमेकांचं ऐकून महाराष्ट्रानं एवढं मोठं काम केलेलं आहे. सूनबाईंना हे सांगा. त्यांच्या पिढीला फक्त टीव्हीवरच्या चर्चा दिसतात, त्यामुळे वाद म्हणजे आरडाओरड असंच त्यांना वाटत असेल तर दोष त्यांचा नाही. शक्य झालं तर त्यांना एखाद्या संध्याकाळी कट्ट्यावर घेऊनही जा. तिशीतल्या नोकरदार बाईचं म्हणणं ऐकलं तर तुमच्या मंडळींच्या गप्पांचा नूर बदलेल.

आता बंदीबद्दल. उठवा. पण नुसती उठवलीत तर आठवड्याभरात पुन्हा हमरीतुमरी होईल, म्हणून थोडी शिस्त लावा. एका संध्याकाळी एकच निर्णय घ्या. पक्ष नाही, नेता नाही, निर्णय: महापालिकेची घरपट्टी, एसटीत महिलांना अर्धं तिकीट, २०२५ मध्ये वैयक्तिक विम्यावरून हटलेला जीएसटी, टोल, काहीही. ज्याला विषय जवळचा, त्यानं पहिली पाच मिनिटं तो समजावून सांगायचा. अर्ध्या तिकिटावर कंडक्टरसाहेब जे सांगतील ते कुठल्या वर्तमानपत्रात छापून येणार नाही; २०२३ नंतर गाडीत गर्दी कशी बदलली, कोणत्या बायका पहिल्यांदा एकट्या तालुक्याला जायला लागल्या, आगाराचा हिशोब कसा बसतो, हे त्यांनीच सांगावं. औषधाच्या दुकानदारांना औषधांच्या किमतींवर बोलतं करा. मोबाईलवर आलेला व्हिडिओ लावायला मात्र मनाई ठेवा, कारण व्हिडिओ सुरू झाला की माणसं एकमेकांशी बोलायचं थांबतात आणि स्क्रीनमधल्या माणसाच्या वतीनं भांडू लागतात.

वाद तापला तर मी सांगते ते करून बघा. ज्याला विरोध करायचा त्यानं आधी समोरच्याचं म्हणणं स्वतःच्या शब्दांत सांगायचं, आणि समोरचा "हो, हेच म्हणतोय मी," असं म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. पहिल्या दोन-तीन वेळा फार गंमत येते, कारण बहुतेकांना समोरच्याचं म्हणणं सांगताच येत नाही. ते अडखळतात, सगळे हसतात आणि त्या हसण्यात कुणी दुखावत नाही. विनोदाला यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही.

एका बाबतीत मात्र मी तुमच्या बंदीच्या बाजूची आहे. आरक्षण, जात, धर्म हे विषय निघाले आणि कट्ट्यावर त्या समाजाचं एखादंच माणूस असलं, तर विनोद बाजूला ठेवा. त्या एका माणसाला सगळ्या समाजाचा वकील करू नका. "तुम्हीच सांगा, तुमचे लोक असं का करतात?" हा प्रश्न कितीही गोड आवाजात विचारला तरी तो माणसाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो. त्याला बोलायचं असेल तर ऐका, नसेल तर विषय दुसरीकडे न्या. महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत मराठा आणि ओबीसी आरक्षणावरून गावागावांत जी कटुता आली आहे, ती पाहून मला हे कळकळीनं सांगावंसं वाटतं. ज्या घरात शेजारच्या घराशी बोलणं बंद झालंय, तिथे कोटी सुचली तरी ती गिळावी.

मुख्याध्यापिका आणि दुकानदारांना वेगवेगळं भेटा. दोघांना एकत्र बसवून "झालं गेलं विसरा" म्हणायला जाऊ नका, त्यानं पुन्हा ठिणगी पडते. 'अंधभक्त' आणि 'चमचा' हे दोन शब्द कट्ट्यावर पुन्हा येणार नाहीत, एवढं दोघांकडून कबूल करून घ्या. मतं त्यांची त्यांना ठेवू द्या.

आणि मित्राकडे उद्याच जा. फोन नको, निरोप नको, कट्ट्यावरच्या चार जणांना बरोबर नेणंही नको. एकटे जा. ताकाला जाऊन भांडं लपवू नका. गेल्या गेल्या सांगा, की त्या दिवशी मी बोललो ते चुकलं, भाव पडलेला असताना मी तुझ्यावर सगळ्यांना हसवलं. "गंमत होती रे" हे शब्द तोंडातून काढू नका, कारण मग माफी त्यांनीच तुम्हाला द्यावी अशी सक्ती होते. त्यानंतर कांद्याचं विचारा. चाळीत किती आहे, या वेळी किती खराब झाला, शेवटची पट्टी कितीची आली, हमाली-तोलाई कापून हातात काय राहिलं. ते सांगतील तेवढं ऐका आणि मध्ये आपलं पेन्शन आणू नका. बोलण्याच्या ओघात वाटलंच, तर विचारा, की बंदी उठवल्यावरचा पहिला विषय कांदाच ठेवतो आहोत, पहिली पाच मिनिटं तू सांगशील का, आणि येताना ती पट्टी आणशील का.

नाही म्हणाले तर आग्रह करू नका. चहा घ्या आणि निघा. पुढच्या आठवड्यात पुन्हा जा, तेव्हा कट्ट्याचा विषयही काढू नका.